काळी पाच

शरयू गोवंड्यांनी डकवलेल्या चिठ्ठ्या
अजून पेटीवर आहेत.
जुन्या दिनदर्शिकेची कोरी पाठ,
निळी शाई, भाताची खळ,
वर बोटांच्या घामाची चाळीस वर्षं.
'ग' अर्धा झिजलाय.
'म'ला कुणीतरी मिशा काढल्यात.
कुणीतरी म्हणजे मीच, चौथीत असताना.

नारायण पेठेत पिठाच्या गिरणीवर
त्यांची एक खोली होती.
खाली पट्टा फिरू लागला की फरशी घुमायची,
बाई कान देऊन म्हणायच्या,
"आज ज्वारी दिसतेय. गव्हाला एवढा चढत नाही."
मग त्या घुमण्याला बाजूला सारून
आम्ही आमचा सा धरायचो.

शब्द नसायचे.
कृष्ण नाही, सखी नाही, अंगण नाही.
नुसती नावं घ्यायची, चढत आणि उतरत,
आणि घेतलेलं नाव जागेवर बसलं नाही
तर बाई तबकडीतली खडीसाखर
परत डब्यात टाकायच्या.

पुढे मांडवात सगळ्या ओरडल्या, नाव घे, नाव घे,
तेव्हा पहिल्यांदा ओठावर आला तो सा.
गिळला.
कुणाच्या तरी यमकाला अरविंद जोडून दिले.
त्याच संध्याकाळी तांदळाच्या ताटात
अंगठीनं माझं नाव बदललं गेलं.
हाक आली की काही महिने
मी मागे वळून बघायचे,
कुणाला बोलावतायत म्हणून.

आज रविवार पेठेत हसन तांबोळींच्या दुकानात
पेटी उघडी पडलीय.
भाता फाटलेला, दोन सूर गंजलेले,
आत एक वाळलेली पाल.
"तुमची पट्टी?"
"काळी पाच," म्हणाले मी,
सोडून आलेल्या घराचा पत्ता सांगावा तशी.

त्यांनी धरली. मी लावला.
वर पोचलाच नाही.
तांबोळी काही बोलले नाहीत,
बोट एक घर खाली आणलं,
मग आणखी एक,
मग पांढऱ्या पाचवर थांबले.
"बघा. इथं बसतोय."

पांढऱ्या पाचवर चिठ्ठी आहे: ध.

तर आता ध म्हणजे सा.
नी लिहिलंय तिथं रे म्हणायचं,
झिजलेल्या ग वर पंचम,
आणि जिथं बाईंनी ठसठशीत सा काढला होता
ती काळी माझा कोमल गंधार.
कोमल आणि शुद्ध, दोघींना नाव एकच,
हाक मारली की ओ कुणी द्यायची
ते गळ्यानं ठरवायचं.

तांबोळींनी फडकं ओलं केलं.
"काढू या चिठ्ठ्या? चुकीच्या झाल्यात आता."
मी विचारलं, तुम्ही काय म्हणता सुरांना?
"आम्ही नंबर टाकतो, खिळ्यानं.
नावं तुमची तुम्ही ठेवायची."

एक वाजत आला होता.
पुण्यात एक ते चार सूरही झोपतात.
शटर अर्धं खाली आलेलं, रिक्षांचे फक्त टायर दिसत होते.
म्हटलं, राहू द्या चिठ्ठ्या, एकदा बघते.
सा.
रे.
तिसऱ्याला बोट आपसूक
जुन्या सा वर गेलं,
आणि तोंडानं ग म्हटलं.

तांबोळींनी मान वर केली.
"कोमल लागला. मुद्दाम?"
"नाही हो," म्हणाले मी, "सवयीनं."