ठसा जुळत नाही

वेंगुर्ल्याहून शिरोड्याकडे जाताना
मोचेमाडची खाडी ओलांडली की डाव्या हाताला
निळ्या पत्र्याचा काजूचा कारखाना.
मी तिथला मनुष्यबळ अधिकारी.
मनुष्यं बेचाळीस. बळ
ठरलेल्या नमुन्यात शासनाला कळवायचं.

कोल्हापूरच्या सल्लागाराने गेटवर यंत्र बसवलं,
म्हणाला, आता मस्टरची कटकट संपली.
शेठनी त्याला गराचं पाकीट दिलं, दोनशे चाळीस नंबरचं.
दुसऱ्या दिवशी सकाळी
रोझलिन फर्नांडिस बोट ठेवून उभी.
पुन्हा प्रयत्न करा, यंत्र म्हणालं.
तिने झग्याला पुसलं, फुंकर घातली, परत टेकवलं.
पुन्हा प्रयत्न करा.
मागून शालन गवंडे म्हणाली,
"गो, आंगठो घराक इसारलंस काय?"
सगळ्या हसल्या. मीही हसलो.
मग शालनचाही लागेना.

टरफलातला चीक
आधी कातडी काळी करतो, मग सोलतो,
नंतर नवी येते ती कोरी येते.
रोझलिनचा रुजू होतानाचा कागद मी शोधून काढला:
दोन हजार तीन, जांभळी शाई,
ओहोटीनंतर ओल्या वाळूत राहतात
तशा वळ्या, एकेक मोजून घ्यावी अशा.

महिनाअखेरीस अहवाल आपोआप आला.
कटिंग विभाग: अकरा महिला,
तेवीस दिवस गैरहजर.
वजनकाट्याची वही शेजारीच पडली होती.
गर, एकोणीसशे किलो.
बिया कापल्या कुणी, समुद्राने?

वेतन सात तारखेच्या आत.
कपात कायद्याने सांगितलेल्या कारणांसाठीच.
हे मला पाठ आहे.
मी हजेरी हाताने लिहून काढली,
प्रत्येक ओळीपुढे सही केली, पगार पुरा काढला.
शालनचा फंड अडकला तेव्हा तिच्यासोबत खिडकीपर्यंत गेलो.
ती काचेला तोंड लावून म्हणाली,
"मी हयसर उभी आसंय मगे,
बोट कित्याक, माझ्या तोंडाकडे बघा."

इथवर मी बरा माणूस आहे.

आता फाइल क्रमांक सात.
संरक्षक साधने, वाटप नोंद.
हातमोजे बावीस जोड, बिलासहित.
पोच म्हणून अकरा अंगठे. साक्षीदार: मी.
मोजे माझ्या कपाटात आहेत,
वरचं प्लास्टिकसुद्धा फोडलेलं नाही.
मजुरी किलोवर. मोज्यात बी निसटते,
दिवसाला दीड किलो घटतो.
"सांगूनही घालत नाहीत" असं लिहायची सोय असते.
मी सांगितलंही नव्हतं.

ओरोसहून निरीक्षक मॅडम आल्या.
शहाळं अर्धंच प्यायल्या, पानं भराभर उलटली,
सातव्या फाइलवर बोट थांबलं.
"हे ठसे असे कसे? नुसते डाग."
शाई जास्त झाली, मी म्हटलं.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.
सावंतवाडीत अजून दोन कारखाने व्हायचे होते.
शेरा: त्रुटी निरंक.

परवा शेठपुढे हिशेब मांडला,
मोज्याने जेवढं घटेल तेवढा किलोचा दर वाढवू.
"निरंक आलंय ना?" ते म्हणाले. "मग?"
कागद त्यांच्याच टेबलावर ठेवून आलो.
अजून तिथेच आहे, वर हिशेबाची दुसरी चोपडी आली आहे.

संध्याकाळी सगळे गेल्यावर
एक जोड फोडला, हातात चढवला,
कटरवर एक बी धरून पाहिली.
निसटली. बाकाखाली गेली.
वाकून शोधली, सापडली नाही.

सकाळी गेटवर अकराजणी बाजूला थांबतात
मी वही घेऊन येईपर्यंत.
आत जायला मलाही बोट ठेवावं लागतं.
माझं पहिल्या फटक्यात लागतं.
धन्यवाद, यंत्र म्हणतं,
त्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.