वर्गणी

केंडलच्या दगडी कुंपणांवर
करडी, पिवळी, गंजल्यासारखी जी नक्षी दिसते
तो आमचा विषय. दगडफूल.
हो, तेच, गोड्या मसाल्यातलं.
जगात जेमतेम तीनशे माणसं ते भिंगाखाली धरतात
आणि त्यातली निम्मी एकमेकांवर रुसलेली.

आमचं त्रैमासिक एका मोठ्या कंपनीकडे होतं.
लेख आम्ही लिहायचे, तपासायचे आम्ही,
आणि मग आमचाच लेख कुलपाआड.
पुढे त्यांनी कुलूप काढलं
आणि उंबरठ्यावर जकात बसवली:
वाचायला फुकट, छापायला तेवीसशे पौंड.
राजीनाम्यावर सही करताना
पोसलथ्वेट सर (वय एक्क्याऐंशी, शाळेत भूगोल शिकवायचे)
एवढंच म्हणाले, "इतकी महाग भिंत
मी उभ्या जन्मात चढलो नाही."
आम्ही नऊ जण उठलो.
नाव तिथंच राहिलं. ते त्यांच्या मालकीचं होतं, म्हणे.

आता पत्ता म्हणजे फेलसाइडच्या चढावरचं माझं स्वयंपाकघर.
परातीशेजारी लॅपटॉप,
रात्री अकरानंतर मी तळटीपा सरळ करते.
खर्च वर्षाला सहा हजार चारशे.
वाचकाकडून घ्यायचे नाहीत, लेखकाकडून तर नाहीतच.
मग कुणाकडून?

मी म्हटलं, आमच्याकडे शब्द आहे. वर्गणी.
पण सांगायला गेले तर त्याचे निघाले दोन अर्थ.
एक मासिकाची: भराल तर अंक घरी येईल.
दुसरी, जिच्यासाठी माझे वडील
इचलकरंजीत मागांच्या खडखडाटात
पावतीपुस्तक घेऊन दारोदार ओरडून बोलायचे.
कुणी अकरा, कुणी एकशे एक,
कुणी "उद्या या" म्हणून दार लावून घेणार,
आणि प्रसादाच्या रांगेत तोच पहिला.
"त्याला पावती विचारत नाहीत?"
"नाही."
मिनिटभर फक्त केटली बोलत होती.

पहिली पावती फाडली ती प्रेस्टनच्या नझीमा लोधीची.
दोनशे पौंड. सोबत चिठ्ठी:
"ग्रंथालयाच्या हिशोबात याला रकाना नाही. 'इतर'मध्ये घातलंय."
डंडीहून तीनशे.
एका गडगंज विद्यापीठानं शुभेच्छा पाठवल्या.
ॲबरिस्टविथनं कळवलं, पैसे नाहीत,
पण आमचा एक माणूस महिन्याला चार तास प्रुफं वाचेल.
वहीत लिहिलं: चार तास.
पैशांच्याच रकान्यात.

मग जावळीहून सारिका शेडगे.
मसाल्याच्या बाजारासाठी दगडफूल खरवडून
झाडं कशी उघडी पडली, त्यावर आठ वर्षांच्या नोंदी.
खाली प्रश्न, इंग्रजीत: फी किती?
लिहिलं, काही नाही.
उत्तर आलं, म्हणजे सवलत धरून किती?
मग मी मराठीत लिहिलं:
ताई, खरंच नाही. वर्गणीवर चालतं.
तीन दिवस शांतता.
फुकट म्हणणारे कसे निघतात, ते तिनंही पाहिलं असणार.
चौथ्या दिवशी लेख आला, सोबत एक ओळ:
पैसे नाही देऊ शकत, पण एखादा लेख तपासायला द्या,
नीट तपासेन.

वर्षअखेर हिशोब: जमा पाच हजार नऊशे ऐंशी.
कमी चारशेवीस.
या आकड्याला मी एकटीच का हसले
ते इथं कुणाला समजावू?

काल सरांकडे वही दाखवायला गेले.
ते काठी टेकत मला मागच्या कुंपणाकडे घेऊन गेले.
तिथं एका पिवळ्या ठिपक्याभोवती
लग्नाच्या वर्षी त्यांनी खिळ्यानं गोल कोरला होता.
ठिपका गोलाबाहेर आलाय.
बोटभर. फार तर दीड बोट.
सर वाकून बघत राहिले,
मी वही काखेत धरून उभी,
आणि वारा असा की पानं आपोआप उलटत होती.