चार वाजताची नळी

नोव्हेंबर सरता सरता ट्रॉम्सोत सूर्य रजेवर जातो.
त्या अंधारात आम्ही अकरा माणसं
खिडकी नसलेल्या खोल्यांत झोपवली
आणि दर चार तासांनी त्यांचं रक्त घेतलं,
लाल दिव्यात, कुजबुजत.

हाल्वर, वय एकाहत्तर, दंड पुढे करून विचारायचा,
"माझ्यातलं आत्ता कोण जागं आहे?"
"मोजल्यावर सांगते," मी म्हणायचे.

मग एकदा सांगितलंच :
प्रत्येक पेशीत तोच एक जाडजूड ग्रंथ,
डोळ्यात तोच, टाचेतही तोच.
अख्खा कुणीच वाचत नाही.
ज्या पानाचं काम निघेल तेवढ्याची नक्कल उतरते
कच्च्या कागदावर, घाईघाईत,
आणि काम झालं की फाटते.
त्या नकला आम्ही गोळा करतो.
कुठल्या पानाच्या किती, एवढंच मोजतो.

"म्हणजे चिठ्ठ्या."
"चिठ्ठ्याच. पण फार नाजूक.
त्या पुसून टाकणारं द्रव्य आपल्या बोटांवरच असतं,
म्हणून हे दोन-दोन हातमोजे."
त्यानं आपला डावा हात उलटसुलट पाहिला,
दोन बोटं अर्धीच, तारेच्या दोरानं नेलेली.
"उरलेल्यांनीही बरंच पुसलंय," म्हणाला,
आणि भिंतीकडे वळून घोरायला लागला.

यंत्र दोन रात्री गुणगुणत होतं.
तिसऱ्या सकाळी चार कोटी तुकडे,
एकावरही पत्ता नाही.
प्रत्येक तुकडा ग्रंथाशी ताडून बघायचा : हा कुठल्या पानाचा?
(हे संगणक करतो. मी कॉफी करते.)

पहाटे चारला दहाजणांचा आलेख
ओहोटीच्या वाळूसारखा सपाट.
हाल्वरचा मात्र चढणीला लागलेला,
उठायच्या तयारीची सगळी पानं,
भराभर, एकावर एक.

मी आधी माझीच चूक धरली.
नळ्या बदलल्या असतील. पुन्हा केलं.
पुन्हा तोच उंचवटा.

फोन केला. "चारला तुम्ही जागे होता?"
"झोपलो होतो की. तूच सुई टोचून उठवलंस."
मग पलीकडे नुसता रेडिओ, हवामानाच्या बातम्या.
"पण बोट चारला सुटायची. त्रेचाळीस वर्षं."
"आता?"
"विकली मार्चमध्ये.
घेणारा पर्यटकांना देवमासे दाखवतो.
दहाला निघतात, नाश्ता करून."

अहवालात मी लिहिलं : एका माणसावरून
काही सिद्ध होत नाही.
ते खरंच आहे.
बोटीचं नाव विचारायचं राहिलं,
त्याला रकानाही नव्हता.

उरलेली अर्धी नळी उणे ऐंशीवर आहे,
तिसरा कप्पा, मागची रांग.
झाकणावर फक्त क्रमांक आणि वेळ.
आत, बर्फात,
दोर सोडा म्हणणाऱ्या चिठ्ठ्या,
अजून कुणीच न फाडलेल्या.