गाडीच्या मते उणे चाळीस

सहा वर्षं शेडमध्ये उभी होती.
ताडपत्री ओढली तेव्हा आधी उंदीर पळाला,
मग वास आला : आंबलेल्या पेट्रोलचा,
आणि सिगारेटचा, जी तैस्तोने
गाडी घ्यायच्या आधीच सोडली होती म्हणतो.

शहाऐंशीची वोल्वो. नवी बॅटरी, नवं पेट्रोल,
चार शिंका, आणि चालू.
मी टाळ्या वाजवल्या. शेडमध्ये एकटीच.

कुह्मोच्या तपासणी केंद्रात रेयोने
सायलेन्सरमध्ये नळी खुपसली, आकडा बघितला,
चष्मा पुसून परत बघितला.
कार्बन मोनॉक्साइड सहा पूर्णांक आठ.
साडेतीनपर्यंत चालतं.
"इर्या, ही गाडी नाही, धुराचा सौना आहे.
महिन्याभरात ये परत."

येताना तीस किलोमीटर
काटा खालच्या रेघेवरून हलला नाही.
हीटर सोडला तर तळघरातली हवा.

घरी पाणी सोडलं. निळं हवं होतं,
निघालं गंजाचं, तिसऱ्यांदा तापवलेल्या कॉफीसारखं.
थर्मोस्टॅट काढून बटाट्याच्या पातेल्यात उकळला.
कशाला उकळायचा? झडप गारातच सताड उघडी होती.
नवा बसवला. काटा उठला, मध्यावर जाऊन बसला.
मी स्वतःवर खूश.
रेयोने नळी घातली : सहा पूर्णांक एक.

तैस्तोला फोन केला, कायानीच्या वृद्धाश्रमात.
"फ्युएल पंप बघ," म्हणाला.
चाळीस वर्षं त्याच्याकडे हे एकच उत्तर आहे,
आमच्या बहिणीचं लग्न मोडलं तेव्हासुद्धा.
मग म्हणाला, "तळ्यावर बर्फ किती जाड झालाय?"
रात्रीचे अकरा, खिडकीत ऊन, काचेवर डास.
"जून आहे, तैस्तो."
बराच वेळ काही नाही.
"तरी मोजून घे," म्हणाला.

मला माहीत नव्हतं की या इंजिनात
तापमान सांगणारे दोघे असतात.
एक काट्याला सांगतो, एक मेंदूला.
दुसरा खाली दडलेला, हात सोलल्याशिवाय पोचत नाही.
तारेचं वेष्टण बोटात भुगा झालं,
पिना कळकून हिरव्या.
मीटर लावला : अनंत.
गाडीच्या भाषेत अनंत म्हणजे उणे चाळीस.

म्हणजे इंजिन तापून लाल, काटा मध्यावर,
बाहेर डास, मी घामाघूम,
आणि मेंदूला मात्र निरोप : उणे चाळीस, उणे चाळीस.
तो बिचारा ओततोय पेट्रोल,
घे अजून, घे, गारठशील.
त्याचं चुकत नव्हतं काही.
जे कानावर येत होतं त्याला धरून
तो नीटच वागत होता.

हे मी गाडीखाली झोपून म्हणाले,
आणि थोडा वेळ उठलेच नाही.

सेन्सर औलूहून बसच्या पार्सलने आला. एकोणीस युरो.
सोबत दोन वीत नवी तार, ती माझ्याकडे होती.
रेयोचा आकडा : एक पूर्णांक नऊ.
शिक्का मारला, हसला नाही,
टायर म्हातारे झालेत म्हणाला.

रविवारी कायानीला गेले.
तैस्तोला पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला.
त्याने नाक वर करून वास घेतला.
"फ्युएल पंप बदललास."
"बदलला."
दारं बंद, दोन्ही बाजूंना बर्च,
पानं इतकी नवी की चिकट दिसत होती.
"बर्फ किती आहे?"
"साठ सेंटीमीटर."
"मग गाडी जाईल."
"जाईल."

त्याने दोन्ही हात उचलून हवेच्या जाळीसमोर धरले.
मी हीटर लावला,
आधी एकवर, मग पूर्ण.