पाळी

पारोळा रोडच्या तळघरात, थंडगार खोलीत
लोटन सुकलाल माळींना आडवं करते मी.
बाहेर चव्वेचाळीस. इथे त्यांना ब्लँकेट.
कनवटीचा अडकित्ता, चाव्या, चांदीचं कडं
सगळं माझ्या ट्रेमध्ये.
डाव्या हातात दिवाळीपासून जोर नाही.

"‘हलवा’ म्हटलं की बोटं हलवायची,
‘थांबा’ म्हटलं की थांबायचं."
"बस, इतकंच?"
पांझरेच्या फडावर चाळीस वर्षं पाटकरी होता हा माणूस.
थांबणं त्याला शिकवायला नको.

काचेअलीकडे मी.
उजवं बोट हलतं. आत पेशी केव्हाच पेटलेली.
पडद्यावर काही नाही.
एक. दोन.
मग कुठे तांबूस ओल धरते,
पाचव्या सेकंदाला तुडुंब होते,
आणि बोट थांबलं तरी वाहत राहते,
लागलं त्याहून कितीतरी जास्त.

लोक विचारतात, मेंदू दिसतो का?
पाणी दिसतं.
तहान अजून कोणी पाहिलेली नाही,
ओलीवरून तिचा माग काढायचा.

आता डावा.
सहा. सात.
नवव्याला एक बारीक रेघ,
वाळूत जिरता जिरता पोचलेली.

नंतर त्यांना पडदा दाखवला. दाखवायचा नसतो.
पाट वाचावा तसा त्यांनी तो वाचला.
"हाक तठे पडस, पानी अठून निंघस.
येळ लागसच, ताई."
मग एका जागी बोट ठेवलं. "आनि हाई?"

तिथे मला शिंक आली होती.
‘हलवा’ म्हणायचं राहिलं, हात निपचित होता,
तरी रक्त ठरल्या वेळी चढून आलेलं.
कोणासाठी, ते मलाही सांगता येईना.

ते हसले. काम सुटल्यावर, म्हणाले,
दोन वर्षं रात्री तीनला जाग यायची.
कंदील घेऊन दारापाशी जायचे,
फळी उचलायचे.
पलीकडचा फड त्या साली पडीक होता.
पुढचं बोलले नाहीत.

चपला घातल्या. दारातून परत फिरले,
अडकित्ता राहिला होता.
मी तो पुढे धरला.
त्यांनी डावाच हात उचलायला घेतला.

उजवा रिकामा होता, पण मी काही बोलले नाही.
एक. दोन. तीन.
पाणी निघालं असेल.