मागची दोन

कोजागिरीनंतर चार दिवसांनी गाडी घेऊन वणीला गेलो.
पावसाळ्यानं चारही चाकं चाटून गुळगुळीत केलेली.
खाचेत रुपया उभा धरला
तर सगळाच्या सगळा बाहेर,
आटलेल्या नाल्यात पोर उभं राहावं तसा.

इद्रिसभाईच्या दुकानात टायरांची उतरंड.
नव्या रबराचा वास,
सरकीच्या ढेपेवर रॉकेल सांडल्यासारखा.
"हा नवा. हा रिमोल्ड. हा नागपूरचा,
एकाच मालकाच्या हातचा."
अंगठ्यानं धूळ पुसून त्यानं चार आकडे दाखवले:
कितवा आठवडा, कोणतं साल.
माझी जन्मतारीख गुरुजींनी
एक जुलै लावून टाकली होती.
टायरचा मात्र आठवडासुद्धा पक्का.

भाच्याला, हर्षदीपला, अलॉय पाहिजे होते.
"लग्नसराईत नवरदेव बसते, मामा,
चाक चमकलं पाह्यजे."
चमकतील, मी म्हटलं,
मुकुटबनच्या पहिल्या खड्ड्यापर्यंत.
लोखंडी रिंग वाकते,
हातोड्यानं ठोकली की पुन्हा गोल होते.
तडकण्यापेक्षा वाकणारं बरं.
तो मोबाईल काढून बाहेर जाऊन उभा राहिला.

आमच्या हिवाळ्यात बर्फ नसतो.
पैनगंगेवरून धुकं येतं, डांबर दवानं ओलं होतं,
काळ्या मातीत चाकोऱ्या वाळून दगड होतात,
आणि सोयाबीन कापलेल्या वावरात धसकटं,
सुईच्या तोंडाची.
थंडीत हवाही अंग चोरते.
रात्री तीस भरलेली,
पहाटे मोजावी तर सत्तावीस.

खिशात नव्या दोनचेच पैसे.
"पुढं लाव," मी म्हटलं.
इद्रिसभाईनं पाना खाली ठेवला.
"काहून पुढं?"
"स्टेअरिंग पुढं राह्यते ना."
"पुढचं घसरलं तर तुले समजते.
मागचं घसरलं तर गाडीलेच समजते,
मंग तुले समजून काय फायदा?"

मी वळून पाहिलं.
मागचं दार उघडं होतं.
आडव्या बाकावर एक फडकं राहिलेलं,
त्याला कापसाचे दोन तंतू, एक तंबाखूची डबी.
कागदावर नऊ बसतात, वेचणीच्या दिवसांत पंधरा.
डाव्या चाकाच्या कुबडावर रोज येणूबाई टेकाम;
तिथं सायलेन्सरची ऊब लागते म्हणे,
आणि ती जागा ती सुनेलाही देत नाही.

मी काहीच बोललो नाही.
इद्रिसभाईनं जॅक उचलला
आणि मागं नेऊन लावला.

उतरलेली दोन टपावर बांधून आणली.
हर्षदीप म्हणाला, शेकोटीले होतील, रातभर जळते टायर.
सकाळी येणूबाईनं चाकाला नख लावून पाहिलं,
बोंडातली ओल पाहावी तसं.
"जाळतं कायले बाप्पा? तळवे होतील ना याचे."
मोच्यानं रापी पाण्यात बुडवून बुडवून कापले,
दोन दिवस, मधे एकदा शिव्या देऊन.
अकरा जोड निघाले. बारावा एकाच पायाचा.

आता सातच्या सुमारास त्यांना वावराच्या धुऱ्यावर सोडतो
आणि गाडी वळवताना दिसतं:
दवानं भिजलेल्या पायवाटेवर
टायरच्या कडेची उरलेली नक्षी,
तुकड्यातुकड्यानं,
कुठं टाच, कुठं अंगठा,
कापसात शिरून नाहीशी होणारी.
याच रबरावर मी चार वर्षं
ब्रेक दाबत आलो.

धुक्यात पुढचं काही दिसत नाही.
पुढची दोन अजून जुनीच आहेत,
हळू चालवतो.
हर्षदीप अलॉयचं नाव काढत नाही,
माझ्याशी बोलतही नाही फारसा.
होळीपर्यंत पाहू.