चावीला कान

आदल्या रात्री त्यांच्या कानशिलावर गार जेल लावून
मी जागा शोधत होते.
हाडाची पातळ खिडकी असते तिथं,
प्रत्येकाची थोडी वेगळीकडं, काहींची सापडतच नाही.
"काय हुडकू लालीस गं?" सखाहरी ढगेंनी विचारलं.
म्हटलं, डोक्यात जाणारं रक्त ऐकायचंय.
उद्या हृदय थांबवतील तेव्हा माझं काम तेवढंच.
त्यांचं हसू मिशीत मावेना.
"म्हंजी तू बी वॉलमनच की."

एकतीस वर्षं महानगरपालिकेत.
रस्त्याच्या खड्ड्यात गुडघ्यावर बसायचं,
पाच फुटी लोखंडी चावी वॉलच्या माथ्यावर टेकवायची
आणि दांड्याला कान.
जायकवाडीचं पाणी नक्षत्रवाडीहून सुटलं,
पण किराडपुऱ्याच्या शेवटच्या गल्लीत पोचलं का,
ते साहेबाच्या कागदावर नसतं, दांड्यात असतं.
"आधी हवा येती. फुसफुस करती.
बायांना वाटतं पाणीच आलं, हंडा लावत्यात.
तू हवेला भुलू नगंस."

सकाळी नऊ चाळीस. पंप सुरू झाला.
हेडफोनमध्ये आतापर्यंत ठोका होता,
सूं, थांब, सूं, थांब.
आता थांबच गेली.
एकच लांब सळसळ, भरल्या पाइपासारखी.
सगळे छातीत वाकलेले. मी कपाळापाशी,
खरं तर कपाळही नाही, हिरव्या कापडाखाली दोन पट्ट्या
आणि पडद्यावर दोन आकडे :
डावा सहासष्ट, उजवा चौसष्ट.

महाधमनीला चिमटा लावला तेव्हा
टक.
मग टक टक.
हवेचा कण असेल, चरबीचा असेल.
मी अकरा मोजले.
कुठल्या गल्लीत जाऊन बसले ते हे यंत्र सांगत नाही.
कुणाचं नाव अडलं, कुठला पाढा,
कुठल्या चौकातून कुठं वळायचं ते.

दहा बावीस. डावा छपन्न. एक्कावन्न.
"सर, डावीकडचं उतरतंय."
"पट्टी सुटली असेल."
दाबून पाहिली. सुटली नव्हती.
सत्तेचाळीस.
पंपावरचा मुजाहिद म्हणाला, माझ्याकडून फ्लो पुरा आहे.
दाब बासष्ट, हिमोग्लोबिन ठीक, वायू ठीक.
टाकी भरलेली
आणि एका गल्लीत पाणी नाही.

तेव्हा कुणी मला आठवण करून दिली नाही,
रात्रीचंच एक वाक्य होतं, जाता जाता टाकलेलं :
"फुटला नसंल तर वाकला असंल."
कापडाखाली हात घातला.
डोकं घरंगळून एका अंगावर गेलेलं,
मान मुडपलेली, उशीला भार.
दोन्ही तळव्यांत धरून सरळ केलं.
एवढं जड असतं माणसाचं डोकं,
मी पंधरा वर्षांत कधी उचललं नव्हतं.

सत्तेचाळीस. सत्तेचाळीस. एकोणपन्नास.
सळसळ आधी कानात आली, आकडा मागून.
अठ्ठावन्न.
"सर, आलं."
"हं," सर म्हणाले, टाका घालत. वर कुणी पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी आयसीयूत मी प्रश्नांचा कागद घेऊन गेले.
नाव? "ढगे सखाहरी मारोती."
शंभरातून सात वजा करत ते एकाहत्तरपर्यंत आले,
नंतर कंटाळले.
आज वार कोणता?
छताकडं बघत बोटं हलली.
"एन-सातला पाणी आलं का?"
मी एन-सातलाच राहते. आलं, म्हटलं, आज पहाटे.
"मग बेस्तरवार."

शुक्रवार होता.
माझ्या कानात ते अकरा परत वाजायला लागले,
एकेक, सावकाश.

उशापाशी कौसाबाई मोसंबी सोलत होत्या.
"कालच येणार व्हतं," त्या म्हणाल्या,
"एक दिस फुडं ढकललंय मेल्यांनी."

वाराच्या पुढं दोन चौकोन असतात, बरोबर आणि चूक.
पेनाचं टोपण लावून मी तशीच उभी राहिले.
"ढकललं?" त्यांनी विचारलं, जरा उठून बसायला बघत,
"कामून? कुठं लीक झालंय?"